सी प्रोग्रॅममध्ये सिस्टिम कॉल फसल्यावर उपयोगी एरर मेसेज कसा द्यावा

‘ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढीच ओळ छापून प्रोग्रॅम थांबतो, तेव्हा कोणती फाइल, कशासाठी आणि कोणत्या डिरेक्टरीतून शोधली हे तिन्ही प्रश्न वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतात. ही उत्तरे प्रोग्रॅमकडे त्या क्षणी असतात. पुढच्या ओळीला ती हरवलेली असतात. सी शिकणाऱ्यांच्या आणि कामावर सी लिहिणाऱ्यांच्याही प्रोग्रॅममध्ये त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात: जे आधी करायचे ते नंतर केले जाते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रोग्रॅम घेऊ. त्याचे नाव ‘पाऊसनोंद’. गोव्याच्या तालुक्यांतून येणाऱ्या पावसाच्या नोंदी ‘/नोंदी/२०२५/सत्तरी/वाळपई’ अशा मार्गांवर साठवलेल्या आहेत आणि पणजीतील एका संगणकावर हा प्रोग्रॅम त्या वाचून दिवसाचा गोषवारा तयार करतो. तो चालवणारा माणूस प्रोग्रॅमर नाही आणि सोर्स कोड त्याच्यासमोर नाही. संदेश त्याच्यासाठी लिहायचा आहे, हे शेवटपर्यंत धरून ठेवावे.

फंक्शनांची आणि एररची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एररसोबत दिलेले क्रमांक लिनक्सचे आहेत.

१. पूर्वतयारी: कॉलची यादी आणि अपयशाची खूण

कोड लिहिण्याआधी प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सिस्टिम कॉलची, म्हणजे कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेल्या मागणीची, यादी करावी आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: अपयश कोणत्या परतीच्या मूल्यावरून कळते, कारण कोठे मिळते आणि फसल्यावर प्रोग्रॅमने काय करायचे. यासाठी प्रत्येक कॉलच्या मॅन पानातले (सिस्टिमच्या माहितीपुस्तिकेतल्या पानातले) ‘रिटर्न व्हॅल्यू’ आणि ‘एरर्स’ हे दोन विभाग वाचावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे गेलेल्याला पुढची एकही पायरी नीट जमत नाही.

सगळ्यांची खूण एकच असेल असे गृहीत धरू नये. ओपन, रीड, राइट, कनेक्ट हे अपयशी झाल्यावर उणे एक परत करतात आणि कारण ‘एर्नो’ या चलात क्रमांकाच्या रूपात ठेवतात. एफ-ओपन नल पॉइंटर देतो. एम-मॅप नल देत नाही, ‘मॅप-फेल्ड’ हे वेगळे मूल्य देतो. त्याची तुलना नलशी करणारा कोड अपयश कधीच पकडत नाही. पी-थ्रेड घराण्यातली फंक्शने एररचा क्रमांक परतीचे मूल्य म्हणूनच देतात आणि एर्नोला हात लावतीलच असे नाही, म्हणून त्यांच्यानंतर पी-एरर, म्हणजे एर्नोतले कारण छापणारे फंक्शन, बोलावणे चुकीचे आहे. गेट-अ‍ॅडर-इन्फोचे क्रमांक तर एर्नोच्या मालिकेतले नसतातच. त्यांचा मजकूर गाय-स्ट्र-एरर या फंक्शनकडून घ्यावा, आणि परतीचे मूल्य ‘ईएआय-सिस्टिम’ असेल तेवढ्या वेळीच एर्नोकडे वळावे.

काही फंक्शनांच्या बाबतीत परतीचे मूल्य पुरेसे नसते. रीड-डिर डिरेक्टरी संपली तरी नल देते आणि चूक झाली तरी नल देते. गेट-प्रायॉरिटीचे खरे उत्तरच उणे एक असू शकते. स्ट्र-टू-एल हा सिस्टिम कॉल नव्हे, पण त्याचीही गत तीच आहे. अशा ठिकाणी, आणि फक्त अशाच ठिकाणी, कॉल करण्यापूर्वी एर्नो शून्य करून ठेवावा आणि नंतर तो पाहावा.

तपासणी: यादीतल्या एखाद्या कॉलसमोर ‘हा फसणार नाही’ असे लिहिले असेल तर ते खोडावे. क्लोजसुद्धा फसतो.

२. अपयश झाले की नाही, हे आधी ठरवा

एर्नो हा अपयशाचा पुरावा नाही. यशस्वी झालेला कॉल एर्नो शून्य करत नाही. त्यात कधीतरी पूर्वी फसलेल्या कॉलचा क्रमांक तसाच पडून असतो. शिवाय एखादे लायब्ररी फंक्शन स्वतः यशस्वी होऊनही आतल्या आत केलेल्या एखाद्या फसलेल्या कॉलमुळे एर्नो बदलून ठेवू शकते. म्हणून ‘कॉल करा आणि एर्नो शून्य नाही ना ते पाहा’ हा क्रम उलटा आहे. आधी परतीचे मूल्य पाहावे आणि त्याने अपयश दाखवले तरच एर्नो वाचावा.

याच्या उलट चूकही तितकीच आढळते. ‘वाचता आले नाही: सक्सेस’ असा विचित्र संदेश ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो कसा जन्मतो हे कळावे म्हणून सांगतो. रीड शून्य परत करतो तेव्हा फाइल संपलेली असते. ती चूक नसते आणि एर्नो बदललेला नसतो. राइट मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परत येतो, तेव्हाही एर्नो बदललेला नसतो. उरलेले बाइट लिहिण्यासाठी तो पुन्हा बोलावायचा असतो आणि खरे कारण असेल तर ते त्या दुसऱ्या कॉलमध्ये समोर येते. प्रोग्रॅमर मात्र ‘मागितले तेवढे मिळाले नाही’ एवढ्यावर पी-एररकडे धावतो आणि एर्नोमधले शून्य ‘सक्सेस’ होऊन छापले जाते. नोंदीची फाइल मध्येच संपली असेल तर संदेश स्वतःच्या शब्दांत लिहावा: ‘वाळपईच्या फाइलमध्ये २४ ओळी हव्या होत्या, १७ मिळाल्या’. तेथे एर्नोचा काही संबंध नाही.

आणि काही अपयशे सांगायचीच नसतात. संथ कॉलच्या मध्येच सिग्नल (चालू प्रोग्रॅमला मध्येच मिळणारी सूचना) आला की ईइंटर, क्रमांक ४, येतो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो कॉल पुन्हा करणे हेच उत्तर असते. न थांबणाऱ्या सॉकेटवर येणारा ईअगेन, क्रमांक ११, म्हणजे ‘सध्या काही नाही, नंतर या’. हे दोन्ही वापरकर्त्यासमोर छापणारा प्रोग्रॅम त्याला विनाकारण घाबरवतो.

३. एर्नो ताबडतोब जपून ठेवा

अपयश दिसल्यावर पुढची पहिलीच ओळ एर्नोची किंमत स्वतःच्या एका पूर्णांक चलात घेण्याची असावी. फाइल बंद करणे, लॉगमध्ये वेळ लिहिणे, मेमरी मोकळी करणे, ‘थांबा’ असे छापणे, यांतले काहीही त्याआधी येऊ नये, कारण यांपैकी प्रत्येक फंक्शन एर्नो बदलू शकते.

याचे जुने उदाहरण ईनॉट-टी, क्रमांक २५, हे आहे. प्रोग्रॅम टर्मिनलवर नीट चालतो. त्याचे आउटपुट फाइलकडे वळवले की अचानक ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ असे कारण छापतो. नोंदीच्या फाइलचा आणि आयओसीटीएलचा काय संबंध, म्हणून लोक दिवसभर शोध घेतात. झालेले असे असते की ओपन फसल्यावर प्रोग्रॅमरने आधी प्रिंट-एफने काहीतरी छापले. आपण टर्मिनलवर लिहितो आहोत की फाइलमध्ये, हे लायब्ररीने आतून तपासले. ‘टर्मिनल नाही’ हे उत्तर एर्नोत उमटले आणि खरे कारण पुसले गेले. संदेश खरा असतो, पण तो दुसऱ्याच कॉलचा असतो.

सावधान: एफ-प्रिंट-एफच्या आर्ग्युमेंटमध्येच एखादे मार्ग तयार करणारे फंक्शन आणि स्ट्र-एररला (क्रमांकाचा मजकूर देणाऱ्या फंक्शनला) दिलेला एर्नो असे दोन्ही लिहिले, तर त्यांतले आधी कोणते चालेल याची हमी सी भाषा देत नाही. कंपायलर बदलला की कारण बदलते. जपलेला चल वापरला की हा प्रश्न उरत नाही.

फ्री या फंक्शनबद्दल एक बारीक सूचना. जी-लिब-सी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या २.३३ या आवृत्तीपासून फ्री एर्नो जसाच्या तसा राखतो. पण तुमचा प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर किंवा दुसऱ्या लायब्ररीवर चालणार असेल तर त्यावर विसंबू नये. सिग्नल हँडलर लिहीत असाल तर त्याच्या सुरुवातीला एर्नो जपावा आणि बाहेर पडताना परत ठेवावा. नाहीतर मुख्य प्रोग्रॅमच्या परतीचे मूल्य आणि एर्नो यांच्या मध्ये शिरलेला हँडलर सगळा हिशेब बिघडवतो. हँडलरमध्ये एफ-प्रिंट-एफ वापरू नये, राइट वापरावा.

४. संदेशाची मांडणी

संदेशात पाच गोष्टी असाव्यात आणि त्या याच क्रमाने आल्या तर वाचणाऱ्याला सोपे जाते: प्रोग्रॅमचे नाव, काय करायचे होते, कशावर, सिस्टिमने दिलेले कारण आणि एररचे नाव व क्रमांक. पी-एररला फक्त एक स्ट्रिंग देता येते, म्हणून बहुतेक जण त्यात कॉलचे नाव टाकतात आणि फाइलचे नाव राहून जाते. पी-एरर शिकवण्यासाठी ठीक आहे. लोकांच्या हाती जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी ते वापरणार नाही.

अपुरा संदेश:

ओपन: परमिशन डिनाइड

कामाचा संदेश:

पाऊसनोंद: ‘/नोंदी/२०२५/सत्तरी/वाळपई’ ही फाइल वाचण्यासाठी उघडता आली नाही: परमिशन डिनाइड, ईअ‍ॅक्सेस, १३

‘वाचण्यासाठी’ हा शब्द येथे भरताड नाही. तीच फाइल वाचता येते पण लिहिता येत नाही, ही परिस्थिती नेहमीची आहे आणि हेतू सांगितला नाही तर माणूस फाइल उघडून पाहतो, ती दिसते, आणि प्रोग्रॅमच खोटा आहे असे ठरवतो.

क्रमांक आणि नाव दोन्ही का, असे विचारले जाते. स्ट्र-एररचा मजकूर लोकेलप्रमाणे, म्हणजे निवडलेल्या भाषेप्रमाणे, बदलू शकतो, तर नाव बदलत नाही आणि ते शोधायला सोपे असते. क्रमांक मात्र वेगवेगळ्या सिस्टिमवर वेगळा असू शकतो. जी-लिब-सीच्या २.३२ आवृत्तीपासून ‘स्ट्र-एरर-नेम-एनपी’ हे फंक्शन क्रमांकावरून नाव देते. अनोळखी क्रमांकाला ते नल देते, तेवढी तपासणी करावी. ते नसेल तिथे नावांचा छोटा तक्ता स्वतः ठेवावा.

अनेक थ्रेड असतील तर स्ट्र-एरर-आर वापरावे असे सांगितले जाते, ते बरोबरच आहे, पण त्याच नावाखाली दोन वेगळी फंक्शने आहेत. पॉझिक्स या मानकाचे पूर्णांक परत करते आणि मजकूर तुमच्या बफरमध्ये लिहिते; ग्नूचे, म्हणजे जी-लिब-सीचे स्वतःचे, मजकुराचा पॉइंटर परत करते आणि तुमचा बफर कधीकधी वापरतच नाही. ग्नूचे रूप चालू असताना बफर छापला तर कचरा छापला जातो. कंपायलरचे इशारे बंद ठेवणाऱ्यांना ही चूक हटकून गाठते.

संदेश स्टँडर्ड एररवर जावा. स्टँडर्ड आउटपुटवर गेलेला संदेश गोषवाऱ्याच्या फाइलमध्ये आकड्यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि पुढचा प्रोग्रॅम तो पाऊस समजून वाचायला बघतो.

५. नाव जसेच्या तसे दाखवा

फाइलचे नाव अवतरणचिन्हांत छापावे, कारण नावाच्या शेवटी आलेली मोकळी जागा किंवा नवी ओळ तेव्हाच दिसते. फाइलमधून एफ-गेट-एसने वाचलेल्या नावाच्या शेवटची नवी ओळ काढायची राहिली, तर ओपन ईनोएंट, क्रमांक २, देतो. अवतरणचिन्ह पुढच्या ओळीवर गेलेले दिसले की कारण तिथेच कळते. मार्ग सापेक्ष असेल तर गेट-सीडब्ल्यूडी वापरून चालू डिरेक्टरीही सांगावी. हाताने चालवलेला प्रोग्रॅम आणि क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेवेने, चालवलेला प्रोग्रॅम वेगळ्या डिरेक्टरीत उभे असतात.

देवनागरी नावांसाठी आणखी काळजी लागते, आणि परदेशी मार्गदर्शकांत ती सापडत नाही. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. एक जण ‘मडगाव’ लिहितो, दुसरा ‘मडगांव’. डिरेक्टरीला ‘२०२५’ हे नाव देवनागरी अंकांत दिले आणि प्रोग्रॅमने ते इंग्रजी अंकांत शोधले, तरी फाइल मिळत नाही. हे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे अधिक छळते. ‘वाऱ्याची नोंद’ या फाइलनावातला ‘ऱ्या’ एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त असा लिहिला जातो, तर दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये यापैकी पहिल्याचे ‘या’च्या आधीचे बाइट सहा, तर दुसऱ्याचे नऊ. कर्नल फक्त बाइट पाहतो, म्हणून त्याच्या लेखी या दोन निरनिराळ्या फाइली आहेत.

म्हणून नावात आस्कीबाहेरची अक्षरे असतील आणि एरर ईनोएंट असेल, तर संदेशाच्या दुसऱ्या ओळीत नावाचे बाइट सोळाच्या पायाने छापावेत. ओळ कुरूप दिसते. तरी छापावी.

लांबीचेही तसेच. एक्स्ट-४ फाइल सिस्टिमवर एका नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नव्हे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात: ‘वाळपई’ हे छोटे नावच पंधरा बाइटचे होते. एकूण ८५ चिन्हांवर मर्यादा संपते आणि ईनेमटूलाँग, क्रमांक ३६, येतो. संदेशात नावाचे बाइट किती झाले आणि मर्यादा किती, हे दोन्ही आकडे द्यावेत.

६. कारणाच्या मागचे कारण

येथपर्यंतचे काम प्रत्येक प्रोग्रॅमने करावे. ही पायरी थोडी जास्त मेहनतीची आहे, पण फोनवर ‘बघ रे, तिथे काय दिसते’ असे विचारण्याची वेळ तिनेच टळते.

कर्नल एकच क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाच्या पोटात अनेक कारणे असतात. ईनोएंट आला तर मार्ग तिरक्या रेघांवर तोडावा आणि डावीकडून एकेक तुकडा वाढवत स्टॅट (फाइलची माहिती देणारा कॉल) करत जावे. पहिला फसणारा तुकडा हाच खरा मुद्दा असतो:

पाऊसनोंद: ‘/नोंदी/२०२५’ ही डिरेक्टरी आहे, पण तिच्यात ‘सत्तरी’ नाही, ‘सत्तरि’ नावाची डिरेक्टरी आहे

नवी फाइल तयार करायला सांगूनही ईनोएंट येतो, तेव्हा नवशिक्या चक्रावतो, कारण त्याच्या मते फाइल नसणे ही अडचणच नव्हती. तेथे वरची डिरेक्टरी नसते किंवा नाव असलेली सिम्बॉलिक लिंक भलतीकडे दाखवत असते. एल-स्टॅट (जो लिंकच्या पलीकडे न जाता लिंकच पाहतो) यशस्वी आणि स्टॅट ईनोएंट, असे झाले तर लिंक लोंबकळते आहे असे समजावे आणि रीड-लिंकने ती कोठे दाखवते ते छापावे. स्क्रिप्ट चालवताना, प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या एक्झेककडून आलेला ईनोएंट तर हमखास फसवतो: स्क्रिप्ट समोर असते, पण तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर नसतो. विंडोजवर जतन केलेल्या स्क्रिप्टच्या ओळीअखेरचे कॅरेज रिटर्न त्या नावाला चिकटते आणि कर्नल तशा नावाचा इंटरप्रिटर शोधत बसतो. एक्झेक फसल्यावर फाइल असल्याची खात्री झाली, तर तिची पहिली ओळही दाखवावी.

ईअ‍ॅक्सेस, क्रमांक १३, फाइलच्याच परवानगीबद्दल असेल असे नाही; मार्गातल्या कोणत्याही डिरेक्टरीवर प्रवेशाची, म्हणजे एक्स्‌ची, परवानगी नसली तरी तो येतो. तुकड्या-तुकड्याची तीच पद्धत येथेही चालते. जेथे अडले त्या डिरेक्टरीचा मालक, अष्टमान पद्धतीतला मोड आणि आपला प्रभावी यूजर आयडी हे तिन्ही सांगावेत. अ‍ॅक्सेस हा कॉल प्रभावी आयडी न पाहता खरा आयडी पाहतो, त्यामुळे सेट-यूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये त्याचे उत्तर दिशाभूल करते. ईपर्म, क्रमांक १, हा वेगळा: तेथे सहसा मोडची बिटे बदलून उपयोग होत नाही, कृती करण्याचा अधिकारच लागतो.

जागा संपल्याचा ईनोस्पेस, क्रमांक २८, आला आणि डिस्कवर भरपूर जागा दिसली तर आय-नोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपले असण्याची शक्यता पाहावी. दर तासाला दर केंद्राची एक छोटी फाइल ठेवणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमसारख्या ठिकाणी हे घडण्याजोगे आहे. स्टॅट-व्हीएफएस दोन्ही आकडे देते, दोन्ही छापावेत. फाइलींतले बदल कळवणाऱ्या आय-नोटिफायची पहारे लावण्याची मर्यादा संपली तरी हाच क्रमांक येतो, आणि त्याचा डिस्कशी काही संबंध नसतो.

ईएमफाइल, क्रमांक २४, मध्ये फाइलचे नाव निर्दोष असते. एका प्रोसेसच्या उघड्या फाइलींची मर्यादा १०२४ असेल आणि तीन वर्णक (उघड्या फाइलींना मिळणारे क्रमांक) आधीच उघडे असतील, तर १०२२ वी फाइल उघडताना तो येतो. दोष आधीच्या न बंद केलेल्या फाइलींचा असतो. संदेशात मर्यादा सांगावी. येथे एक खाचखळगा आहे: वर्णक संपलेले असताना निदानासाठी डिरेक्टरी उघडायला गेलात तर ते उघडणेही फसते. गेट-आर-लिमिटला वर्णक लागत नाही, म्हणून तेच वापरावे. ईएनफाइल, क्रमांक २३, ही मात्र संपूर्ण सिस्टिमची मर्यादा आहे.

उरलेली थोडक्यात. रीनेमकडून ईएक्सडेव्ह, क्रमांक १८, आला तर दोन मार्ग वेगळ्या फाइल सिस्टिमवर आहेत. तात्पुरती फाइल टेम्पमध्ये न करता लक्ष्याच्याच डिरेक्टरीत करावी, आणि संदेशात दोन्ही नावे असावीत. ईआरओएफएस, क्रमांक ३०, म्हणजे फाइल सिस्टिम केवळ वाचनीय आहे. एक्स्ट-४ माउंट करताना तसा पर्याय दिला असेल तर आत दोष आढळताच ती स्वतःहून या अवस्थेत जाते, तेव्हा पावसाळ्यात वीज गेल्यानंतर हा क्रमांक दिसला तर कर्नलचा लॉग पाहण्याची सूचना संदेशातच द्यावी. नवी प्रोसेस बनवणाऱ्या फोर्ककडून आलेला ईअगेन बहुधा प्रोसेसची मर्यादा संपल्याचे सांगतो, जरी त्याचा मजकूर ‘तात्पुरते उपलब्ध नाही’ असा सौम्य असला तरी. ईइनव्हॅल, क्रमांक २२, वापरकर्त्याच्या हातातला नाही. कॉलला दिलेली सगळी मूल्ये छापून तो दोष प्रोग्रॅमचा आहे असे स्पष्ट लिहावे.

सावधान: हे निदान फसल्यानंतर करायचे असते. ओपनच्या आधी अ‍ॅक्सेसने विचारून मग उघडणे चुकीचे, कारण दोन्हींच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलू शकते. त्याच कारणाने, निदान करेपर्यंत फाइल आली असेल आणि सगळे स्टॅट यशस्वी झाले तर कारण जुळवून सांगू नये. जपलेला एर्नोच छापावा आणि ‘आता पाहता मार्ग ठीक दिसतो’ एवढे जोडावे. निदानातले कॉल एर्नो बदलतात, ही आठवण तिसऱ्या पायरीतून येथे आणावी.

७. संदेश कोणी छापायचा

खालचे फंक्शन छापते, मधले छापते, वरचेही छापते आणि एकाच अपयशाच्या तीन ओळी होतात, ज्यांपैकी शेवटच्या दोघींतला एर्नो शिळा असतो. माझे मत असे की खालच्या फंक्शनने एररचा क्रमांक वर द्यावा, मधल्यांनी आपल्याला माहीत असलेला संदर्भ जोडावा आणि छापण्याचे काम एकाच ठिकाणी व्हावे. लायब्ररी लिहीत असाल तर काहीही छापू नये आणि एक्झिट तर मुळीच बोलावू नये.

चाइल्ड प्रोसेसची अडचण वेगळी आहे. फोर्क यशस्वी होतो, चाइल्डमध्ये एक्झेक फसतो आणि पेरेंटला फक्त एक एक्झिट क्रमांक दिसतो. यावर उपाय असा: फोर्कपूर्वी एक पाइप तयार करून त्याच्या लिहिण्याच्या टोकाला क्लोज-ऑन-एक्झेक लावावे. एक्झेक फसला तर चाइल्डने एर्नोचा पूर्णांक त्या पाइपमध्ये लिहून अंडरस्कोर-एक्झिटने बाहेर पडावे. यशस्वी झाला तर ते टोक आपोआप बंद होते. पेरेंटने आपल्याकडचे लिहिण्याचे टोक आधी बंद करावे आणि मग वाचावे. शून्य बाइट आले तर प्रोग्रॅम सुरू झाला, पूर्णांक आला तर तेच कारण. आपल्याकडचे टोक बंद करायला विसरलात तर पेरेंट वाचतच बसेल. एक्झिट क्रमांकाचा शेलचा संकेत पाळावा: प्रोग्रॅम सापडला नाही तर १२७, सापडूनही चालवता आला नाही तर १२६.

८. शेवटचे लेखन तपासा

प्रिंट-एफ यशस्वी झाला म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचला असे नव्हे. तो बफरमध्ये असतो आणि अपयश एफ-फ्लशला किंवा एफ-क्लोजला उघडे पडते. गोषवारा लिहून झाल्यावर एफ-फ्लश, मग महत्त्वाचा मजकूर असेल तर एफ-सिंक, मग क्लोज, या क्रमाने प्रत्येकाचे परतीचे मूल्य पाहावे, कारण राइटनेही मजकूर फक्त कर्नलच्या हाती दिलेला असतो. नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये जागा संपल्याचे कधीकधी क्लोजलाच कळते.

सावधान: लिनक्सवर क्लोजने ईइंटर दिला तरी तो पुन्हा बोलावू नये. वर्णक तोवर मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्या थ्रेडने तोच क्रमांक घेतला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

अपयश झाले असेल तर एक्झिट क्रमांक शून्य नसावा. नेमका संदेश छापून शेवटी शून्य परत करणारा प्रोग्रॅम त्याला बोलावणाऱ्या स्क्रिप्टच्या दृष्टीने यशस्वीच असतो.

९. मुद्दाम फसवून पाहा

छापलेला प्रत्येक संदेश एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेला असावा. आउटपुट ‘/डेव्ह/फुल’ कडे वळवा. तेथे लिहिताना नेहमी ईनोस्पेस येतो, आणि आठवी पायरी गाळली असेल तर प्रोग्रॅम गुपचूप यशस्वी होऊन दाखवेल. शेलमध्ये यू-लिमिटने उघड्या फाइलींची मर्यादा दहावर आणा. एका डिरेक्टरीची एक्स्‌ परवानगी काढा. एखादी लिंक लोंबकळती ठेवा. स्टँडर्ड आउटपुट फाइलकडे वळवून प्रत्येक संदेश पुन्हा पाहा. ईनॉट-टी कोठे दिसला तर तिसरी पायरी तेथे मोडली आहे. परवानगीच्या चाचण्या रूट म्हणून करू नयेत, कारण रूटला मोडची बिटे सहसा अडवत नाहीत आणि ईअ‍ॅक्सेस येतच नाही.

जे सहज घडवता येत नाही त्यासाठी स्ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारा प्रोग्रॅम, वापरावा. त्याचा ‘इंजेक्ट’ हा पर्याय सांगितलेल्या कॉलला सांगितलेला एरर देतो, त्यामुळे डिस्क खराब न करताही रीडकडून ईआयओ, क्रमांक ५, मिळवता येतो. दोन अडचणी येथे हमखास येतात. सी प्रोग्रॅममध्ये ओपन लिहिले असले तरी आजची जी-लिब-सी कर्नलला ओपन-अ‍ॅट बोलावते, म्हणून पर्यायात ओपन-अ‍ॅट हे नाव द्यावे लागते. आणि प्रत्येक ओपन-अ‍ॅट फसवला तर तुमचा मेन सुरूच होत नाही, कारण लायब्ररी शोधणारा डायनॅमिक लोडरही तोच कॉल वापरतो. आधी साध्या स्ट्रेसने यादी काढून आपली फाइल कितव्या ओपन-अ‍ॅटला उघडते ते मोजावे आणि ‘व्हेन’ मध्ये तो आकडा द्यावा. लायब्ररी बदलली किंवा दुसऱ्या यंत्रावर गेलात की तो आकडा पुन्हा मोजावा.